तीनशे बासष्टच्या पुढची माणसं

माझ्या मागे भुतं लागली आहेत असं म्हटलं तर माझे विद्यार्थी हसतील. हसू देत. मी बत्तीस वर्षं कॉम्प्युटर सायन्स शिकवलंय आणि डोळ्यांनी तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, असं दर वर्षी पहिल्याच तासाला बजावत आलेय. तरीही लागली आहेत. एकशे एकोणचाळीस आहेत. आकडा नक्की सांगते, कारण ती मीच मोजून घेतली होती.

ती काही पांढरं नेसून झाडावर बसत नाहीत. होतं काय, की पोस्टात माझ्यापुढे एखादा माणूस डाव्या हाताने फॉर्म भरत असतो, सात काढताना शेपूट उलटं मागे वळवतो, आणि मी बघतच राहते. हा चारशे बारा, असं वाटतं. मग तो वळतो. कुणीतरी परकाच असतो, आणि ही बाई इतकं टक लावून काय बघतेय म्हणून माझ्याकडेच संशयाने बघतो. मी रांग सोडून बाहेर येते. किती कामं अशी अर्धवट टाकून आलेय त्याला गणती नाही.

हे कसं झालं ते सांगते. लांबण लावणार नाही. लावलीच तर समजून घ्या, पन्नास-पन्नास मिनिटांचे तास घेऊन तोंडाला थांबायची सवय राहिलेली नाही.

मी तेहतीस वर्षांची होते. विभागात नवी होते आणि नोकरी कच्ची होती. हाताने लिहिलेलं यंत्राला वाचता यावं म्हणून एक प्रोजेक्ट माझ्या पदरात पडला होता. यंत्राला शिकवायचं तर आधी नमुने हवेत. पाचशे माणसांनी प्रत्येकी चार पानं लिहायची: आकडे दहा-दहा वेळा, मग सगळी अक्षरं, शेवटी एक लहानसा उतारा. पानाच्या डोक्यावर वय, व्यवसाय आणि कुठल्या हाताने लिहिता ते. नाव नाही, फक्त क्रमांक. पाचशे नमुने ठरल्या तारखेला दिले तर नोकरी पक्की, नाहीतर नमस्कार.

ऐकायला किती सोपं वाटतं बघा. माणसांना लिहायला लावणं म्हणजे काय ते मला विचारा. दवाखान्यात, बँकेत, शाळांच्या स्टाफरूममध्ये मी कागदांचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरले. लोक पहिलं पान हौसेने भरतात, दुसरं भिडेखातर भरतात आणि तिसऱ्या पानावर त्यांना एकदम महत्त्वाचं काम आठवतं. दोन मदतनीस होते. एकाला नोकरी लागली, दुसऱ्याचं लग्न ठरलं. सहा आठवडे उरले तेव्हा माझ्याकडे तीनशे एकसष्ट माणसं होती आणि घशाखाली घास उतरत नव्हता.

घरात आम्ही दोघीच. ताई आणि मी. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताईची शाळा सुटली आणि माझी चालू राहिली. ताईला अभ्यासात गती नाही, असं तेव्हा घरात सगळे म्हणायचे. म्हणजे तसं म्हणणं सोयीचं होतं. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू. आई गेली, मग बाबा गेले, आणि मी शिकत राहिले, ताई माझे डबे भरत राहिली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी एक टेबल, त्यावर माझी पुस्तकं. ताईला बसायला टेबल नव्हतंच. तिला ते कधी लागतही नाही, असं मी धरून चालले होते.

एक मात्र ताईला जमायचं. ती कुणाच्याही अक्षरासारखं अक्षर काढायची. शाळेत मला दांडी मारायची असली की बाबांच्या अक्षरात चिठ्ठी ताई लिहून द्यायची, इतकी हुबेहूब की एकदा बाबांनाच दाखवली तर ते म्हणाले, हे मी कधी लिहिलं.

त्या दिवसांत एकदा मी न जेवता उठले तेव्हा तिने विचारलं, "किती कमी पडतात?"

"एकशे एकोणचाळीस."

"आण इकडे."

मी नको म्हणाले. एकदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले नाही.

मला वाटलं होतं, वीस-पंचवीस लिहील, तोवर मी खरी माणसं गाठेन. पण मी गाठलीच नाहीत, कारण रोज घरी आले की टेबलावर चार-पाच माणसं तयार असायची. ताईने माझी पुस्तकं खाली जमिनीवर रचून ठेवली होती आणि टेबल घेतलं होतं. जाड निब, बारीक निब, बोथट पेन्सिल. कधी उजव्या हाताने, कधी डाव्या, कधी कागद भिंतीला लावून, कधी उभ्याने घाईघाईत. आणि नुसतं अक्षर बदलून तिचं समाधान होईना. प्रत्येकाचं वय, व्यवसाय, सगळं आधी ठरवायची आणि मग लिहायला बसायची.

"हा सुतार आहे," ती मला जेवताना सांगायची. "अठ्ठावन्न वर्षांचा. डावखुरा. अंगठ्याला लागलेलं आहे लहानपणी, त्यामुळे सात काढताना हात असा मागे येतो बघ."

"ताई, व्यवसाय लिही आणि सोड ना. कोण विचारणार आहे?"

"तू नाही विचारणार. पण त्याला राग येईल."

एक विमान चालवणारी बाई होती. एक न्यायाधीश होते, ते उतारा लिहिताना मध्येच खोडून सुधारायचे. एक नर्स, जिचं अक्षर पहिल्या पानावर सुरेख आणि चौथ्यावर दमलेलं. मी ताईला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. ती गुणगुणत भाजी चिरायची आणि मध्येच थांबून म्हणायची, थांब, हा वकील शब्दांत जागा जास्त सोडेल. मी हसायचे. मला त्यात काही गैर दिसत नव्हतं असं नाही, दिसत होतं. पण नंतर बदलून टाकू, असं मी मनाशी म्हटलं होतं. आमच्या धंद्यात नंतर बदलू म्हणून ठेवलेल्या गोष्टी कुणी कधी बदलत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता वर्गात शिकवते.

तारखेला पाचशे नमुने गेले. माझी नोकरी पक्की झाली. वर्षभरात तो डेटा परदेशात मागायला लागले, मग सगळीकडेच गेला, आणि यंत्राला अक्षर वाचता येतं की नाही हे ज्याला म्हणून तपासायचं असेल त्याने ते आमच्या पाचशे माणसांवर तपासायचं असा पायंडाच पडला. ताई खूष होती. "माझी माणसं कुठे कुठे जाऊन आली," म्हणायची. "मी बाई या गल्लीच्या बाहेर नाही गेले." पहिल्या पेपरच्या शेवटी आभार मानायचे होते. ताईचं नाव घातलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, यांनी काय केलं. म्हणून मी लिहिलं, घरच्या मंडळींचे आभार. ताईने ते दोनदा वाचलं. "मंडळी म्हणजे मीच ना?" एवढंच म्हणाली आणि कागद नीट घडी घालून परत दिला.

त्यानंतर चौदा महिन्यांनी ती गेली. आजार मोठा होता आणि तिने तो सांगायला उशीर केला, कारण माझी परिषद होती.

ताई गेली आणि तिची माणसं राहिली. राहिली म्हणजे कशी, तर वाढत गेली. चारशे बाराचा सात यंत्राला वाचता येईना. यंत्र त्याला कधी एक म्हणायचं, कधी नऊ. जगभरचे लोक त्याच्यावर डोकं फोडायला लागले. पाठ्यपुस्तकात त्याचं चित्र आलं. एका परिषदेत तर तो चहाच्या कपावर छापून वाटला, माझ्या हातात कप देऊन संयोजक म्हणाले, तुमचा लाडका. मी त्या कपातून चहा प्यायले.

आणि लोक विचारायचे. कोण होता हो तो? मी पहिल्यांदा नुसतं म्हटलं, सुतार होता. पुढच्या वर्षी अंगठ्याचं सांगितलं. लोकांना आवडलं, टाळ्या पडल्या. कुणीतरी विचारलं, अजून आहेत का ते, तेव्हा मी म्हणाले, नाही, गेले. सभागृह एकदम गंभीर झालं. एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने माझा हात हातात घेऊन सांत्वन केलं. त्या मुक्कामात मी खोलीतला दिवा घालवला नाही. मला सारखं वाटत होतं की सुतार दाराशी उभा आहे आणि विचारतोय, मला मारलंस कशाला?

तेव्हापासून ती मला दिसायला लागली. न्यायाधीश बसमध्ये दिसले. नर्स तर दवाखान्यात दर वेळी भेटते. मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? प्रोफेसरबाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, एवढंच लोक म्हणाले असते, आणि ते खोटंही नसतं.

नमुने दिल्यापासून अशी अठ्ठावीस वर्षं गेली. मग मुंगी आली.

मुंगी म्हणजे माझी शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. हे नाव तिला लॅबमध्ये पडलं होतं. बारीक अंगाची, खाली मान, आणि एकदा एका वाटेला लागली की भिंत आडवी आली तरी कडेकडेने जाणार. तिने विषय आणला तोच असा: दोन कागद एकाच हाताने लिहिलेत की दोन वेगळ्या, ते यंत्राने ओळखायचं. कुणी मुद्दाम अक्षर बदललं असलं तरी. जुनी मृत्युपत्रं, निनावी पत्रं, अशा ठिकाणी उपयोगी. मी हो म्हणाले. का म्हणाले, ते मला आजही धड सांगता येणार नाही. कदाचित कुणीतरी मला पकडावं असं वाटत होतं. कदाचित कोणी पकडू शकणार नाही असा ताठा होता.

दीड वर्षात तिने प्रोग्राम उभा केला. बाहेरच्या तीन ठिकाणच्या डेटावर तो इतका अचूक चालला की मीही चाट पडले. मग एका सोमवारी ती लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली. चेहरा पडलेला.

"मॅडम, आपल्याच डेटावर गडबड होतेय."

पडद्यावर चित्र होतं. प्रत्येक माणसाचा एक ठिपका. ज्यांची अक्षरं वेगळी त्यांचे ठिपके लांब, ज्यांची जवळची त्यांचे जवळ. पडदाभर ठिपके विखुरले होते, आणि उजवीकडे खालच्या कोपऱ्यात एकच दाट पुंजका.

"हे काय आहे?" मी विचारलं. मला कळलं होतं.

"तीनशे बासष्टपासून पुढचे सगळे. प्रोग्राम म्हणतोय, हा एकच माणूस आहे. आता सुतार, पायलट, न्यायाधीश, नर्स, एकच माणूस कसा असेल?"

कोपऱ्यात ताई बसली होती. तिने डावा हात वापरला, निबं बदलली, उभ्याने लिहिलं, आणि तरीही या पोरीच्या प्रोग्रामने तिला हाताला धरून एका जागी आणून बसवलं होतं. इतक्या वर्षांत कुणी तिला ओळखलं नव्हतं. मला तिथल्या तिथे रडू कोसळणार होतं. तोंड उघडून सांगायचं तर तोच क्षण होता.

मी म्हणाले, "तुझ्या प्रोग्राममध्येच काहीतरी चुकतंय. पुन्हा तपास. आणि पुढच्या सोमवारी हे चित्र घेऊन ये."

तिने मान डोलावली. आमच्या क्षेत्रात असंच असतं. डेटा म्हणजे खरं. त्याच्याशी तुमचं उत्तर जुळलं नाही तर चूक तुमची. हे तिला शिकवलंही मीच होतं.

पुढे दोन वर्षं ती दर सोमवारी आली. आधी तिला वाटलं की तीनशे बासष्टच्या पुढचे कागद वेगळ्या यंत्रावर स्कॅन झालेत, त्याचे डाग प्रोग्राम ओळखत असेल. बरोबरच शंका होती, कागद खरंच वेगळ्या यंत्रावर गेले होते. सहा महिने खपून तिने डाग काढले. पुंजका तिथेच. मग शाई काढली, कागदाचा रंग काढला, रेघांची जाडी सारखी केली. जितकं काढावं तितका पुंजका दाटच होत गेला. इतर सगळं गेलं आणि निव्वळ ताईचा हात उरला.

"छान. पुन्हा दाखव," मी म्हणायचे. चित्र मोठं कर, त्या कोपऱ्यात जा. आणि बघत बसायचे. ताईचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही, एका लग्नातला आहे त्यात तिने पदर पुढे ओढलाय. मी सोमवारची वाट बघायला लागले. रविवारी मला बरं वाटायचं. भुतंही कमी झाली, न्यायाधीश बसमध्ये येईनासे झाले. मुंगी समोर उभी असायची, मी तिच्याकडे बघत नसे.

मग विभागप्रमुखाने विषय काढला. हा माझाच जुना विद्यार्थी, त्याची पीएचडीही त्याच पाचशे माणसांवर झालेली. "मॅडम, तुमची ही विद्यार्थिनी दोन वर्षं एकाच जागी अडकलीय. शुक्रवारी समिती बसवतोय, बाहेरचे दोन परीक्षक येतील. आपल्या डेटावर चालत नसेल तर तिला थांबवावं लागेल. तुम्हीही निवृत्त होताय."

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता आम्ही बसलो. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर पडदा. मुंगीने शांतपणे सुरुवात केली, आणि अर्ध्या तासाने पडद्यावर ते चित्र आलं.

पुंजका नव्हता.

पाचशे ठिपके पडदाभर सारखे विखुरले होते, मोकळ्या मैदानासारखे. मी कोपऱ्यात बघितलं. तिथे कुणीच नव्हतं. ताई पुन्हा एकशे एकोणचाळीस तुकडे होऊन निघून गेली होती.

"नव्याण्णव टक्के अचूक," मुंगी म्हणाली. मान खाली होती.

विभागप्रमुख खुलला. परीक्षकांपैकी एक वयस्क बाई होत्या, त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "दोन वर्षं होत नव्हतं ते आता एकाएकी कसं झालं? बदललंत काय?"

मुंगी म्हणाली, "सारखेपणाचा एक भाग मी काढून टाकला. हात कुठे टेकतो, कुठे उचलला जातो, तो भाग. तो ठेवला की हे सगळे एक होतात."

"आणि बाहेरच्या तीन डेटांवर?"

"तिथे आता चुकतंय." तिचा आवाज बारीक झाला. "एकाच माणसाचे दोन कागद दोन माणसांचे सांगतंय. पण मुख्य कसोटी आपलीच मानतात, म्हणून..."

"ते नंतर सुधारता येईल," विभागप्रमुख मध्येच म्हणाला. "मुद्दा एवढाच की आधीच्या प्रोग्राममध्ये चूक होती, ती सापडली. बरोबर ना मॅडम? तेवढं नोंदवू आणि पुढे जाऊ."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर मुंगीला पीएचडी मिळाली असती, मला निवृत्तीचा समारंभ, विभागप्रमुखाचं काही बिघडलं नसतं. सगळ्यांचं भलं. मी तिच्याकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं म्हटलं तरी चालेल. तिच्या चेहऱ्यावर आनंद नावालाही नव्हता. चांगली चालणारी गोष्ट आपण आपल्या हाताने मोडली आहे, हे तिला कळत होतं. का मोडावी लागली, ते फक्त कळत नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "आधीचा प्रोग्राम बरोबर होता."

"म्हणजे?"

"तीनशे बासष्टपासून पुढे एकच माणूस आहे. माझी बहीण. ते सगळे नमुने तिने लिहिले, मी लिहून घेतले. सुतार नाही, न्यायाधीश नाहीत, कुणी नाही. भरलेले फॉर्म माझ्या कपाटात आहेत, आणून देते. डेटा खोटा आहे. या मुलीचं काम खरं आहे."

मला वाटलं होतं की हे बोलताना आभाळ कोसळेल. काही कोसळलं नाही. एका परीक्षकाने पेनचं टोपण लावलं. विभागप्रमुखाच्या तोंडाचा रंग उडाला, तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही काय बोलताय कळतंय का? त्यावर किती जणांची कामं उभी आहेत." मी म्हणाले, "तुझंही आहे. माहीत आहे मला." वयस्क बाईंनी मुंगीला विचारलं, "जुना प्रोग्राम आहे ना अजून? पुसला नाहीत ना?" आहे, असं मुंगी हळूच म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. लेखी द्या, चौकशी होईल, मुलीला दुसरा गाइड देऊ, जुन्या प्रोग्रामवर नवीन अहवाल मागवू. मी सह्या केल्या. खरं सांगायचं तर मला हलकं वाटत होतं. एखादं जड ओझं उतरवलं की खांदे आपोआप वर येतात तसं. मनात कुठेतरी असंही होतं की मुंगी येईल, मॅडम तुम्ही मला वाचवलंत म्हणेल. मी काय बोलायचं तेही मी जुळवून ठेवलं.

ती आली नाही. म्हणून दुपारी मीच लॅबमध्ये गेले.

लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं. ती खिडकीजवळच्या तिच्या जागेवर बसली होती आणि जुना प्रोग्राम चालवत होती. पडद्यावर एकेक ठिपका उमटत होता. मी टेबलाच्या कडेला जाऊन उभी राहिले. तीनशे साठ, तीनशे एकसष्ट. मग कोपऱ्यात पहिला ठिपका पडला, त्याला चिकटून दुसरा, आणि बघता बघता ताई पुन्हा होती तिथे आली.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मुंगीने मान न वळवता विचारलं.

"पहिल्या सोमवारपासून."

"मग दर सोमवारी चित्र कशाला मागवायचात?"

खोटं बोलायची आता सवय मोडायची होती. "ताईला बघायला," मी म्हणाले. "माझ्याकडे दुसरं काही नाही तिचं."

पंखा फिरत होता. मग तिने पडदा हाताने धरला आणि सावकाश स्वतःकडे वळवला, इतका की मला फक्त त्याची काळी पाठ आणि वायरी दिसायला लागल्या.

"मॅडम, सोमवारी तुमच्याकडे यायच्या आधी मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. तोंड धुवायचे आणि मग यायचे. घरी सगळ्यांना सांगितलं होतं की माझ्या डोक्याला झेपत नाही, मी ढ आहे. बाबा म्हणाले, असू दे, सोडून ये. मागच्या महिन्यात मी सामान बांधलं होतं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही म्हणायचात, छान, पुन्हा दाखव."

जुळवून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं. इतकी वर्षं मी नसलेल्या माणसांना बसमध्ये आणि पोस्टात शोधत होते, त्यांना वाईट वाटेल म्हणून रांगा सोडत होते. आणि ही दर सोमवारी, रडून सुजलेल्या डोळ्यांनी, माझ्यापासून दोन हातांवर उभी असायची. डोळे सुजलेत हे मी पाहिलं नव्हतं असंही नाही. पाहिलं होतं. सर्दी झाली असेल म्हटलं होतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

पडद्यापलीकडे तिची बोटं चालायला लागली होती.

"तुम्ही जा आता, मॅडम. मला काम आहे. जाताना दार ओढून घ्या."

मी दार ओढून घेतलं.